तिच्या रक्ताचा नकार

माझी बायको आणि तिचा भाऊ जुळे. ती वीस मिनिटांनी मोठी. तेवढ्या वीस मिनिटांवर तो तिला जन्मभर अक्का म्हणत आला. आमच्या उमरग्याच्या बाजूला, कर्नाटकाच्या कडेला, मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. मला तो दाजी म्हणतो. आणि मी, खरं सांगायचं तर, लग्नाच्या दिवसापासून त्याच्यावर जळत आलो.

आमचं लग्न विहारापुढच्या अंगणात लागलं. वंदना झाली, जेवणं झाली, निघायची वेळ आली. ती जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिकडं तिचा भाऊ मांडवाच्या खांबाला धरून रडायला लागला. चांगला बावीस वर्षांचा, मिशा फुटलेला गडी. ही जीपमधून उतरली ती थेट त्याच्याकडं. मी, माझे वडील, सगळं वऱ्हाड उन्हात ताटकळत राहिलो. ती परत आली तेव्हा तिच्या पांढऱ्या साडीचा खांदा त्याच्या रडण्यानं ओला झाला होता. घरापर्यंतच्या वाटेवर मी त्या ओल्या खांद्याकडंच बघत होतो.

पुढं तो ट्रकवर गेला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं त्याच्या खेपा असत आणि आमचं गाव त्याच रस्त्याला लागून. गावाजवळ आला की तो तीनदा हॉर्न वाजवायचा. ही पिठाचे हात तसेच घेऊन रस्त्यावर पळायची. मी वीस-बावीस वर्षं शाळेतून संध्याकाळी घरी येत होतो. माझ्यासाठी ती कधी पळत आली नाही. येणारच नव्हती म्हणा, मी रोजचाच होतो. पण हे कळायला मला फार उशीर लागला.

एकदा जहीराबादच्या पुढं त्याचा अपघात झाला, हात मोडला. फोन येण्याआधीच आपला हात दुखत होता, असं ही ठासून सांगायची. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तिला म्हणालो, "मज्जातंतू आपल्या कातडीपाशी संपतात. दुसऱ्याच्या अंगात जात नाहीत."

"तुम्ही पुस्तकातलं सांगा," ती म्हणाली. "मी आईच्या पोटातलं सांगते."

आईच्या पोटातले नऊ महिने मी कुठून आणणार होतो?

तिला चव्वेचाळिसावं लागलं त्या वर्षी तिच्या पायांवर सूज यायला लागली. ती अंगणवाडीत सेविका होती. दिवसभर पोरांची वजनं घ्यायची, खिचडी शिजवून घ्यायची, वह्या भरायच्या. पाय सुजले तर उभं राहून सुजले असतील, असं आम्ही धरून चाललो. मग सकाळी तोंड सुजायला लागलं. जेवण कडू लागू लागलं, अंगाला खाज सुटली, दोन पायऱ्या चढली की धाप लागायची. उमरग्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तदाब घेतला आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत. रक्तदाब कधीपासून वाढलेला होता कुणास ठाऊक. दुसऱ्यांच्या पोरांची वजनं महिन्याच्या महिन्याला लिहिणाऱ्या बाईनं स्वतःचा रक्तदाब कधी मोजून घेतला नव्हता. आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

पाठ्यपुस्तकात एकेका संस्थेला एकेक धडा असतो. श्वसन वेगळं, रक्ताभिसरण वेगळं, उत्सर्जन वेगळं. मी तसंच शिकवत आलो होतो, आणि उत्सर्जनाच्या धड्याला तर पोरं हसतात म्हणून तो मी घाईनं उरकायचो. आता घरात बघत होतो की एक धडा बंद पडला तर बाकीचे एकेक करून कसे बंद पडतात. पाणी बाहेर जाईना म्हणून हृदयावर भार आला. हृदय थकलं म्हणून फुप्फुसात ओल साचली. ती फिकी पडली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की लाल पेशी तयार करा असा निरोप हाडांतल्या मज्जेला किडनीच पाठवते, आणि आता तो निरोपच जात नाही. हाडं दुखायची तीही त्याच पायी. मुठीएवढा अवयव, पण त्याच्यावर किती जण विसंबून होते, हे मला माझ्याच बायकोच्या अंगावर वाचावं लागलं.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. उमरग्याला, आमच्या गावापासून आठ किलोमीटरवर. डाव्या मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडून दिली होती. तिथं हात ठेवला की आत मधमाशी अडकल्यासारखी थरथर लागायची. दिवसाचं पाणी मोजून. एप्रिल-मेच्या उन्हात ती एका लहान तांब्यातून घोट घोट प्यायची आणि मी तिच्यासमोर पाणी पिणं सोडलं. मागच्या अंगणात जाऊन प्यायचो.

किडनीचे डॉक्टर सोलापूरहून दर रविवारी उमरग्याला येत. ते म्हणाले, बदलता आली तर बघा. मी तिथल्या तिथं म्हणालो, "माझी घ्या." माझा रक्तगट ओ, तिचा बी. ओ गटाचं कुणालाही चालतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. सोलापूरला जाऊन माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्तदाब नीट, साखर नीट, दोन्ही किडन्या ठणठणीत. त्या दिवसांत मी फार खुशीत होतो. बायको एवढी आजारी आणि मी खुशीत. मनात हिशेब पक्का होता. आता तिच्या आत मी राहणार. हॉर्न वाजवणारा बाहेर रस्त्यावर राहील.

शेवटची तपासणी राहिली होती. तिच्या रक्तातल्या पाण्यात माझ्या पेशी टाकून बघायच्या. निकाल आला त्या रविवारी ती आत डायलिसिसवर होती आणि डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं.

"गुरुजी, जमत नाही," ते म्हणाले. "त्यांच्या रक्तानं तुमच्या पेशी मारून टाकल्या."

"पण गट जुळतो ना?"

"गट जुळतो. पण त्यांच्या रक्तात तुमच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार आहेत. तुम्हाला किती मुलं?"

"दोन मुली."

"मुलीच्या अंगात अर्धी खूण तुमची असते. मुली त्यांच्या पोटात वाढल्या, बाळंतपणात रक्तात रक्त मिसळलं, तेव्हा त्यांच्या शरीरानं तुमची खूण पाहिली आणि परकी म्हणून लक्षात ठेवली. पुष्कळ बायकांच्या बाबतीत असं होतं. यात कुणाचा दोष नाही."

मी मान हलवली. दोष नाही हे मलाही कळत होतं. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की थोरली मुलगी झाली तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, हिचं रक्त मला ओळखून हत्यार घेऊन उभं आहे. मी शेजारी झोपत होतो तेव्हाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, "त्यांना भाऊ-बहीण कुणी?"

"एक भाऊ आहे. जुळा."

"मग त्यांची तपासणी करू. लवकर पाठवा." त्यांनी एका कागदावर तपासण्यांची यादी लिहून दिली.

तो कागद मी घडी घालून पिशवीत ठेवला. बायकोला सांगितलं, "माझी जुळत नाही. दुसरं काहीतरी बघतो म्हणालेत." मुलींनाही तेवढंच सांगितलं. पुढचे तेरा दिवस तो कागद माझ्यासोबत शाळेत गेला आणि घरी आला. त्या तेरा दिवसांत मेव्हणा दोनदा हॉर्न वाजवून गेला. दोन्ही वेळा मी त्याच्याशी बोललो. पाऊसपाण्याचं बोललो, डिझेलचं बोललो. मी स्वतःला सांगत होतो की प्रतिपिंडं कमी करायचे उपचार असतात, आधी त्यांची चौकशी करू. चौकशी मी कुणाकडंच केली नाही. मधल्या रविवारी डॉक्टर आले तेव्हा मी शाळेचं काम काढून गेलो नाही, धाकटीला आईसोबत पाठवलं.

चौदाव्या दिवशी, रविवारी दुपारी, तिला श्वास घेता येईना. खाटेवर बसून ती दोन्ही हात गादीत रुतवून हवा ओढत होती, ओठ निळसर झाले होते, छातीत पाणी खदखदल्यासारखा आवाज येत होता. मी गाडीसाठी गल्लीत पळालो. तेवढ्यात थोरलीनं मामाला फोन लावला. तो उमरग्यातच माल उतरवत होता. कुणाची तरी जीप मागून घेऊन तो दहा-बारा मिनिटांत दारात आला. तिला त्यानं उचलून नेलं. मी मागून तिच्या चपला घेऊन गेलो.

तिला तातडीनं डायलिसिसवर घेतलं. दोन तासांनी ती नीट श्वास घेऊ लागली, ओठांवर रंग आला. डॉक्टर बाहेर आले. मेव्हणा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला, ग्रीसनं काळे झालेले हात पॅन्टला पुसत.

"साहेब, माझी किडनी चालंल का अक्काला? म्या तिचा जुळा भाऊ हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "गुरुजींना मी मागंच कागद दिला होता. तुम्ही आला नाहीत, तेव्हा मला वाटलं तुमची तयारी नसेल."

मुली तिथंच उभ्या होत्या. थोरलीनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. मेव्हणा मला म्हणाला, "चला दाजी, चहा घेऊ."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाची गाडी होती. त्यानं दोन चहा सांगितले आणि हात पुढं केला.

"कागद कुठाय?"

"पिशवीत."

"द्या हिकडं."

त्यानं तो उलगडून पाहिला. त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, सगळं इंग्रजीत होतं. शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं.

"अक्काला म्या काय बी सांगणार न्हाय," तो म्हणाला. "पर तुमी आसं का केलं, ते येकदा मला सांगा."

"मला द्यायची होती," मी म्हणालो.

त्याला ते कळेना. "तुमची जमंना. मंग माझी कशापाई अडवली?"

उत्तर होतं, पण ते पन्नाशी ओलांडलेल्या मास्तरनं चहाच्या गाडीवर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं चहा संपवला आणि खिशातली गुटख्याची पुडी काढली. तोंडात टाकणार तेवढ्यात थांबला. "हे चालतंय का वो किडनीला?" मी नाही म्हणालो. त्यानं पुडी गटारीत टाकली. त्यानंतर आजतागायत त्यानं ती तोंडात घातलेली मी पाहिली नाही. ज्या सवयीसाठी मी त्याला वीस वर्षं मनातल्या मनात खालचा समजत आलो होतो, ती त्यानं एका चहाच्या वेळात सोडली. मला त्याचासुद्धा राग आला.

त्याची जुळली. नुसती जुळली नाही, सगळ्याच्या सगळ्या खुणा सारख्या निघाल्या. सोलापूरचे डॉक्टर खूश होते. म्हणाले, जुळे आहेत म्हणून असं नाही, एका पोटच्या भावंडांत चारातल्या एकाचं असं निघतं, बाईंचं नशीब चांगलं. मी हसलो. हसताना गालांना किती कष्ट पडतात ते मला तेव्हा समजलं.

अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढं त्याची जबानी झाली, त्याच्या बायकोची संमती घेतली. सही करून बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमचीच जमली आसती तर लई बरं झालं आसतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या सगळ्या दिवसांत माझ्या मनातलं बोललेली ती एकटीच.

ऑपरेशनच्या दिवशी दोघांना एकामागून एक आत नेलं. स्ट्रेचरवरून त्यानं तिला विचारलं, "अक्का, भ्या वाटतंय का?" ती म्हणाली, "तू हायस की." मी तिच्या दुसऱ्या बाजूला, तिची फाईल धरून उभा होतो. मीही होतो की.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "शिरा जोडल्या आणि टेबलावरच लघवी सुरू झाली." मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी भिंतीला टेकून रडलो. ते रडणं निव्वळ आनंदाचं होतं असं मी म्हणणार नाही. आनंद होताच, पण त्याच्या आत दुसरंही काही होतं. त्याच्या अंगातून निघालेला तुकडा तिच्या रक्ताला लागला आणि एका क्षणात कामाला लागला, जणू त्याला पत्ता आधीच माहीत होता. आणि माझ्या पेशी काचेच्या नळीत तिच्या रक्तानं मारल्या होत्या.

मग जे झालं ते मी रोज जवळून पाहिलं. किडनी पोटात उजव्या बाजूला, खाली बसवतात. जुन्या दोन तशाच मागं राहतात. आठवड्याभरात तिच्या पायांची सूज उतरली. पंधरवड्यात जेवणाची चव परत आली, तिनं शेंगदाण्याची चटणी मागितली. महिन्याभरात नखं गुलाबी दिसू लागली. हाडांतल्या मज्जेला पुन्हा निरोप जाऊ लागले होते. धाप गेली, खाज गेली, शांत झोप लागू लागली. हृदय, फुप्फुस, हाडं, रक्त, सगळे आपापल्या कामावर परत आले, आणि त्यांना परत बोलावणारा माझा मेव्हणा होता. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठच्या गोळ्या मी देत होतो. तिच्या पेशींनी त्या किडनीला परकी म्हणून ओळखू नये, यासाठीच्या गोळ्या. त्याचं तिच्यात टिकावं म्हणून घड्याळ लावून झटणारा मी. एकही गोळी मी चुकवली नाही, एवढं मात्र मी सांगू शकतो.

तिला बोलता बोलता पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवायची सवय लागली. किडनीला ती "धाकटा" म्हणायची. "धाकट्याला पाणी पाहिजे," म्हणून भांडं उचलायची. एकदा म्हणाली, "मला आता कडक चहा आवडायला लागलाय, त्याच्यासारखा."

"किडनीतून आवडनिवड येत नसते," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

ती माझ्याकडं बघत राहिली. "तुम्हाला काय झालंय?"

त्या दिवशी मी तिला कागदाचं सांगितलं. दुपार होती, मुली बाहेर गेल्या होत्या. तेरा दिवस, पिशवी, मधला रविवार, चहाची गाडी, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"त्यानं सांगितलं?"

"नाही. डायलिसिसच्या सिस्टरनं विचारलं होतं मला, भाऊ कधी येणार तपासायला. मीच तिला म्हणाले, त्याचं नाव काढू नका. पोरं लहान आहेत त्याची, रात्रंदिवस गाडीवर असतो. तुम्हीही गप्प बसलात, तेव्हा वाटलं, तुम्हालाही त्याची काळजी आहे. मला लई बरं वाटलं होतं."

इथं मला थांबता आलं असतं. तिनं स्वतःहून मला एक चांगला माणूस बनवून ठेवलं होतं, आणि त्याला फक्त हो म्हणायचं होतं. पण मला ते जमलं नाही.

"काळजी नव्हती," मी म्हणालो. "मला त्याचा हेवा वाटत होता. तुझ्यात त्याचं काही जाऊ नये असं वाटत होतं."

"मी मेले असते तरी?"

"तेवढा विचार मी केला नाही."

ती उठून आत गेली. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गोळ्यांच्या वेळी हात पुढं करायची, गोळी घ्यायची, पाणी प्यायची आणि तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोळ्या देत असताना तिनं माझं मनगट धरलं.

"बाळंतपणात तुमची खूण लक्षात ठेवली माझ्या रक्तानं, असं डॉक्टर म्हणाले ना?" तिनं विचारलं. सोलापूरला डॉक्टरांनी मुलींना सांगितलं होतं, त्यांच्याकडून तिला ते कळलं होतं.

"व्हय."

"मग तुम्हाला त्याचं वाईट का वाटलं? त्याला नाही ओळखलं माझ्या रक्तानं. तुम्हाला ओळखलं."

मी म्हणालो, "शत्रू म्हणून ओळखलं."

"ते रक्ताचं झालं," ती म्हणाली. "भांडण माझ्याशी करा." आणि गोळी गिळून स्वयंपाकाला लागली. राग गेला होता असं नाही. भाकरी थापताना त्या दिवशी जरा जास्तच आवाज येत होता.

आता वर्ष उलटून गेलं. ती परत अंगणवाडीत जाते, तोंडाला मास्क लावून. मेव्हणा परत गाडीवर आहे. त्याचीही वर्षातून एकदा तपासणी असते, आणि दोघांनी मिळून एकच दिवस ठरवून घेतला आहे. मागच्या महिन्यात दोघं सोलापूरला निघाली. मी रजा टाकली होती, कपडे घालून तयार होतो. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"तुमचं काय काम तिथं? शाळा बुडवू नका."

मेव्हणा म्हणाला, "येऊ दे की अक्का. दाजी आसले म्हंजी रिपोट तरी वाचता येत्यात."

मी गेलो. एसटीत पुढच्या बाकावर ती दोघं, मागं मी. नळदुर्गपर्यंत ती आपल्या आईबद्दल बोलत होती, मला माहीत नसलेल्या, माझ्या आधीच्या दिवसांतल्या गोष्टी. मला अजूनही हेवा वाटला, तो काही कुठं गेलेला नाही. सोलापूरला रिपोर्ट आले. आधी तिचा वाचला, मग त्याचा. दोघांचेही आकडे चांगले होते. "अक्काचं कसंय?" त्यानं विचारलं. "चांगलं आहे," मी म्हणालो. "आणि तुझंही." तो पहिल्यांदा स्वतःबद्दल ऐकत असल्यासारखा हसला, आणि मी त्याचा रिपोर्ट तिच्याच फाईलमध्ये घालून ठेवला.